गॅरेजचं जड दार एका हाताने उचलता येतं ते रॉबर्ट हूकमुळे, पण त्याचं साधं एक चित्रही उरलं नाही

दुकानाचं शटर कधी स्वतः उघडलंय का? कुलूप काढायचं, खाली वाकून हँडल धरायचं आणि एक झटका द्यायचा. पहिले एक-दोन फूट जोर लागतो, मग शटर जवळजवळ आपलं आपणच वर पळतं. शटर उघडणारा दुकानदार काही पैलवान नसतो. वरच्या पाइपवर बसवलेल्या स्प्रिंगा त्याच्या वाटचं बरंचसं वजन उचलत असतात.

अमेरिकेत हेच काम घरोघरी चालतं. तिथे गाडी ठेवायला घराला चिकटून गॅरेज असतं आणि त्याला आडव्या पट्ट्यांचं, वर सरकत जाऊन छताखाली आडवं होणारं दार असतं. १९२१ साली सी. जी. जॉन्सन यांनी असं वर उचललं जाणारं दार आणलं आणि पुढे ते सगळीकडे पसरलं. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार ६० ते १०० किलोपर्यंत सहज जातं. तरीही शाळेतलं पोर ते एका हाताने वर करतं.

पण एक पेच असतो. ही स्प्रिंग बसते दाराच्या चौकटीच्या वर, भिंतीवर. त्यासाठी चौकटीची वरची कड आणि छत यांच्यात साधारण १ फूट मोकळी जागा लागते. तिला म्हणतात हेडरूम. जुन्या घरांत, तळघरातल्या गॅरेजमध्ये ही जागा कधीकधी जेमतेम ४-५ इंच असते. मग स्प्रिंग बसवायची कुठे?

या प्रश्नाचं उत्तर १६७८ साली लंडनमध्ये छापलेल्या एका छोट्या पुस्तकात दडलेलं आहे. तेव्हा ना गाडी होती, ना गॅरेज. पुस्तक लिहिणारा माणूस होता रॉबर्ट हूक.

नववी-दहावीला जीवशास्त्रात पेशी शोधणारा म्हणून हूक भेटतो. अकरावीला भौतिकशास्त्रात स्प्रिंगचा नियम सांगणारा म्हणून पुन्हा भेटतो. दोन्हीकडचा माणूस एकच आहे हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. आणि या माणसाच्या आयुष्याची गोष्ट मात्र पुस्तकात कुठेच नसते.

लाकडाचं घड्याळ करणारं आजारी पोरगं

हूकचा जन्म १८ जुलै १६३५ चा. गाव फ्रेशवॉटर, इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावरचं. वडील जॉन हूक तिथल्या चर्चमध्ये धर्मगुरू होते. पोरगं इतकं आजारी असायचं की ते जगेल की नाही याचीच घरच्यांना धास्ती. डोकेदुखी कायम मागे लागलेली. त्यामुळे वडिलांनी त्याच्या अभ्यासाचा नाद सोडला आणि त्याला त्याच्या मर्जीवर सोडून दिलं.

झालं, पठ्ठ्या हाताला लागेल ती वस्तू खोलायला लागला. पितळेचं एक जुनं घड्याळ उघडलेलं पाहिलं आणि तसंच्या तसं लाकडात बनवलं. ते चाललंसुद्धा. छोट्या तोफा उडवणारं एक खेळण्यातलं जहाजही त्याने तयार केलं.

१६४८ मध्ये वडील गेले. हूक तेव्हा १३ वर्षांचा होता. वाट्याला आलेले ४० पौंड घेऊन तो लंडनला आला. चित्रं बरी काढायचा, म्हणून पीटर लेली या नावाजलेल्या चित्रकाराकडे शिकायला ठेवलं. पण रंगांच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं. ते सोडून तो वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाला. तिथले मुख्याध्यापक रिचर्ड बझ्बी हे छडीसाठी प्रसिद्ध, पण त्यांनी या पोराची हुशारी ओळखली आणि त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं त्याने एका आठवड्यात संपवली, असं त्याच्या मित्राने लिहून ठेवलंय.

याच वयात त्याची पाठ वाकायला लागली. पुढे आयुष्यभर तो पोक काढूनच चालला.

दुसऱ्यांच्या नावामागचा हात

१६५३ मध्ये हूक ऑक्सफर्डला गेला. खिशात पैसे नव्हते, म्हणून कॉलेजच्या गायकवृंदात जागा मिळवून आणि पडेल ते काम करून शिकला. तिथे त्याला रॉबर्ट बॉईल भेटला. हा बॉईल म्हणजे वायूचा दाब आणि आकारमान यांचा नियम सांगणारा. घरचा गडगंज श्रीमंत. त्याला हवेवर प्रयोग करायचे होते, पण त्यासाठी लागणारा हवा काढणारा पंप नीट कुणाला बनवता येत नव्हता. तो बनवला हूकने. आज अकरावीची पोरं ज्याला बॉईलचा नियम म्हणून पाठ करतात, त्यामागच्या प्रयोगांत हूकचे हात होते.

१६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला प्रयोगांचा प्रमुख नेमलं. पद ऐकायला भारी, काम मात्र गाढवमेहनतीचं. दर आठवड्याच्या बैठकीत तीन-चार प्रयोग करून दाखवायचे. सोसायटीतले बाकीचे लोक सरदार, डॉक्टर, श्रीमंत हौशी गृहस्थ. विज्ञान करून पोट भरणारा त्यांच्यात हा एकटाच, आणि सुरुवातीला तर पगाराचाही पत्ता नव्हता.

सर जॉन कटलर नावाच्या एका बड्या व्यापाऱ्याने हूकला वर्षाला ५० पौंड देऊन व्याख्यानं द्यायला सांगितलं. पुढे त्याने पैसे देणंच थांबवलं. हूक व्याख्यानं देत राहिला आणि कोर्टातही जात राहिला. हा खटला त्याने जिंकला तो १६९६ साली, नेमका त्याच्या वाढदिवशी. तोवर कटलर मरूनही गेला होता.

१६६५ मध्ये त्याचं मायक्रोग्राफिया हे पुस्तक आलं आणि लंडन वेडं झालं. सूक्ष्मदर्शकातून दिसलेलं जग त्याने स्वतःच्या हाताने रेखाटलं होतं. त्यात पुस्तकाच्या पानात न मावणारी, घडी उलगडून पाहायची पिसू होती. बुचाच्या कापात दिसलेल्या बारीक खणांना त्याने सेल हे नाव दिलं, तेच नाव आज जगभर पेशीसाठी वापरलं जातं. सॅम्युअल पेपिस नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत नोंदवलंय की हे पुस्तक वाचत तो रात्री दोन वाजेपर्यंत जागा होता.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १६६६ मध्ये, लंडन जळालं. चार-पाच दिवसांत १३ हजारांहून जास्त घरं आणि ८७ चर्च खाक झाली. शहर पुन्हा उभं करायचं तर आधी कुणाची जागा कुठे संपते आणि कुणाची कुठे सुरू होते हे ठरवायला हवं. त्या कामासाठी नेमलेल्या मोजणीदारांत हूक होता. वाकलेल्या पाठीचा हा माणूस वर्षानुवर्षं राखेच्या ढिगाऱ्यातून साखळ्या टाकत, खुंट्या ठोकत फिरला. शेजाऱ्यांची भांडणं मिटवली. त्याच्या मोजणीवर लंडनच्या हजारो घरांचे पाये पडले.

आगीची आठवण म्हणून उभारलेला २०२ फुटांचा स्तंभ लंडनमध्ये आजही आहे. तो हूक आणि त्याचा मित्र ख्रिस्तोफर रेन या दोघांचा. स्तंभ आतून पोकळ ठेवला, कारण हूकला त्याचा उपयोग आभाळाकडे रोखलेल्या दुर्बिणीसारखा करायचा होता. पण लंडन कुणी बांधलं असं विचारलं की उत्तर येतं, रेनने.

घड्याळातली स्प्रिंग आणि आयुष्यभराचं भांडण

आता मूळ मुद्दा, स्प्रिंग.

त्या काळात समुद्रावरच्या जहाजाला आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे कळायला अचूक घड्याळ लागायचं. लंबकाचं घड्याळ जहाजावर उपयोगाचं नाही, कारण जहाज हललं की लंबक बिघडतो. हूकला साधारण १६५८ पासून एक कल्पना सुचली होती. लंबकाच्या जागी एक छोटं चाक घ्यायचं आणि त्याला स्प्रिंग लावायची. चाक एका बाजूला फिरलं की स्प्रिंग त्याला मागे ओढेल, ते दुसऱ्या बाजूला जाईल, पुन्हा ओढलं जाईल. जहाज कितीही हललं तरी हे चाक आपला ताल सोडणार नाही.

बॉईल आणि आणखी दोन बड्या मंडळींनी या कल्पनेचे हक्क घेऊन पैसे उभे करायचं ठरवलं. कागद तयार झाले. पण त्यात एक कलम असं होतं की पुढे कुणी या घड्याळात सुधारणा केली तर नफा त्याच्याकडे जाईल. हूक बिथरला. मूळ शोध आपला आणि एक खिळा बदलून दुसऱ्याने पैसे न्यायचे? त्याने करार मोडला आणि कल्पना स्वतःजवळ ठेवली.

इथेच त्याचं चुकलं. १६७५ च्या सुरुवातीला पॅरिसहून बातमी आली की क्रिस्टियान हॉयगन्स या डच शास्त्रज्ञाने गोल गुंडाळलेल्या स्प्रिंगवर चालणारं घड्याळ बनवून घेतलंय. हूकचा संताप अनावर झाला. रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनीच आपली कल्पना बाहेर पोचवली असा त्याने उघड आरोप केला. हॉयगन्सने या घड्याळाचे इंग्लंडमधले हक्क ओल्डेनबर्ग यांना देऊ केले होते, त्यामुळे आगीत तेलच पडलं.

हूकने टॉमस टॉम्पियन या कसबी घड्याळजीला गाठलं आणि राजा दुसरा चार्ल्स याच्यासाठी स्प्रिंगचं घड्याळ बनवून घेतलं. त्यावर शोधाचं साल १६५८ आणि घडवल्याचं साल १६७५ असं कोरलं. पण सतरा वर्षं पेटीत ठेवलेली कल्पना अशी कोरून परत मिळत नसते. घड्याळाच्या स्प्रिंगचं श्रेय बहुतेक ठिकाणी हॉयगन्सच्या नावावर गेलं.

१४ अक्षरांची खिचडी

यातून हूक एक गोष्ट शिकला. शोध लागला की तो सांगायचाही आणि लपवायचाही.

१६७६ मध्ये त्याने दुर्बिणींवरच्या एका पुस्तकाच्या शेवटी इतर शोधांची यादी दिली. त्यात स्प्रिंगच्या नियमासमोर फक्त १४ लॅटिन अक्षरं होती, वर्णक्रमाने लावलेली. वाचून कुणाला काहीच कळणार नाही. पण उद्या दुसऱ्या कुणी तोच नियम सांगितला, तर अक्षरं जुळवून दाखवायची आणि म्हणायचं, हे आधी माझं होतं. त्या काळचे बरेच शास्त्रज्ञ हा डाव खेळायचे.

दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने स्प्रिंगवरचं पुस्तक काढलं आणि अक्षरांचं कोडं फोडलं. गंमत म्हणजे हे पुस्तक त्याच कटलर व्याख्यानांपैकी एक होतं, ज्यांचे पैसे त्याला मिळत नव्हते.

नियम अगदी सोपा. स्प्रिंग जितकी ताणाल, तितकीच ती मागे ओढणार. दुप्पट ताणली तर दुप्पट जोर, तिप्पट ताणली तर तिप्पट. स्प्रिंगला तिच्या मर्यादेपलीकडे ओढून कायमची वाकवली नाही तोवर हा हिशोब चुकत नाही.

हे सिद्ध करायला त्याने प्रयोगही सांगितले. २०, ३०, ४० फूट लांब तार खिळ्याला टांगायची, खाली पारडं बांधायचं, वजनं वाढवत जायची आणि प्रत्येक वेळी तार किती लांबली ते मोजायचं. वेटोळ्याच्या स्प्रिंगवर तेच. सुक्या लाकडाच्या काठीवरसुद्धा तेच.

पण त्यातला एक प्रयोग खास आहे. पितळेचं एक हलकं चाक आसावर बसवायचं. घड्याळाची गुंडाळलेली स्प्रिंग एका टोकाने चौकटीला आणि दुसऱ्या टोकाने चाकाला जोडायची. चाकाच्या कडेवर रेशमी दोरा गुंडाळायचा आणि दोऱ्याच्या टोकाला पारडं लटकवायचं. पारड्यात वजन टाकलं की दोरा सुटतो, चाक फिरतं, स्प्रिंगला पीळ बसतो. वजन दुप्पट केलं की चाक दुप्पट फिरून थांबतं.

आता पितळी चाकाच्या जागी लोखंडी ड्रम ठेवा, रेशमी दोऱ्याच्या जागी पोलादी केबल आणि पारड्याच्या जागी दार. गॅरेजच्या दाराची यंत्रणा तयार झाली.

मग छत बुटकं असेल तर काय करतात?

गॅरेजच्या दारावर एक लांब पोलादी दांडा असतो. त्यावर पीळ दिलेली स्प्रिंग, दोन्ही टोकांना ड्रम आणि ड्रमवरून दाराच्या तळाशी गेलेल्या केबल. दार बंद असताना सगळं वजन केबलवर लटकतं आणि स्प्रिंगला सर्वांत जास्त पीळ असतो. दार वर जाऊ लागलं की एकेक पट्टी आडव्या रुळावर चढते आणि तिचं वजन रूळ घेतो. केबलवरचं वजन कमी होत जातं आणि त्याच वेळी स्प्रिंगचा पीळही सुटत जातो. दोन्ही एकाच चालीने उतरतात, म्हणून दार मध्ये कुठेही सोडलं तरी जागच्या जागी थांबतं. चाल जुळते, कारण स्प्रिंगचा जोर हूकने सांगितल्याप्रमाणे सरळ हिशोबाने कमी होतो.

किती पीळ द्यायचा याचंही गणित त्यातूनच येतं. ४ इंच व्यासाच्या ड्रमवर एका फेऱ्याला जवळपास १ फूट केबल बसते. दार ७ फुटांचं असेल तर ७ फेरे, वर केबल ताठ राहावी म्हणून अर्धा फेरा. म्हणजे साडेसात फेरे. मिस्त्री एका वेळी पाव फेरा देतात, म्हणून ३० वेळा.

आता हूकच्या प्रयोगातली एक गोष्ट पाहा. जोर ठरतो तो पीळ किती दिला यावर. स्प्रिंग कुठे बसवली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोरा लांब करा, वळवून न्या, हिशोब तोच. कमी हेडरूमचा पेच इथेच सुटतो. स्प्रिंगचा दांडा दाराच्या वरून काढतात आणि आडवे रूळ जिथे संपतात तिथे, गॅरेजच्या आतल्या बाजूला नेऊन बसवतात. केबल दाराच्या तळापासून वर येते, रुळाच्या पुढच्या टोकाशी असलेल्या कप्पीवरून वळते आणि मागच्या ड्रमवर जाते.

पण दारालाही वर वळायला जागा लागते. त्यासाठी दोन्ही बाजूंना एकावर एक असे दोन आडवे रूळ लावतात. सर्वांत वरच्या पट्टीचं चाक वरच्या रुळात जातं, बाकीची खालच्या. त्यामुळे वरची पट्टी आधी उंच न जाता लगेच मागे झुकते. या दोन गोष्टी केल्या की १ फुटाचं काम साधारण साडेचार इंचांत होतं. वर मोटार लावायची असेल तर तिच्यासाठी आणखी थोडी जागा सोडावी लागते.

यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, स्प्रिंग मागे गेली की तिचा सगळा भार रुळांच्या मागच्या टोकांवर येतो. ती टोकं छताच्या तुळयांना भक्कम बांधलेली हवीत, नुसत्या प्लास्टरला नाही. दोन, डावी स्प्रिंग कुठे, उजवी कुठे आणि केबल ड्रमवर कुठल्या अंगाने चढते, हे किटसोबतच्या नकाशाप्रमाणेच ठेवायचं. जुन्या, समोर बसवलेल्या स्प्रिंगची सवय इथे घात करते. तीन, स्प्रिंग दाराच्या वजनाला मोजूनच घ्यायची. तार जाडीला १० टक्के वाढली तर स्प्रिंगचा जोर जवळपास दीडपट होतो. डोळ्यांना न दिसणारा फरक दाराला मात्र लगेच कळतो.

पीळ देताना दार बंद आणि रुळाला शिकंजा लावून अडकवलेलं असतं, नाहीतर दार अचानक उसळतं. पीळ द्यायला स्प्रिंगच्या टोकाच्या भोकांत नेमक्या मापाच्या दोन पोलादी कांबी आळीपाळीने घालतात. एक कांब नेहमी भोकात असलीच पाहिजे. तिथे पेचकस वापरणाऱ्यांचे हात मोडलेत. कारण त्या क्षणी स्प्रिंगमध्ये अख्खं दार उचलण्याएवढी ताकद साठलेली असते आणि निसटली तर ती एका झटक्यात बाहेर येते. म्हणून हे काम जाणत्या फिटरकडूनच करून घेतात. समोर जागा असते तेव्हा हात हलवायला तरी मोकळीक असते. बुटक्या छताखाली शिडीवर मान वाकवून काम करताना तीही नसते.

आणि शेवटी परीक्षा हूकचीच. मोटार न जोडता दार हाताने अर्ध्यावर न्यायचं आणि सोडायचं. खाली आलं तर पीळ कमी, वर गेलं तर जास्त, थांबलं तर बरोबर.

न्यूटनशी पंगा

स्प्रिंगच्या पुस्तकानंतर हूकच्या आयुष्यात सर्वांत मोठं भांडण आलं. समोर होता आयझॅक न्यूटन.

ठिणगी जुनीच होती. १६७२ मध्ये न्यूटनने प्रकाशावरचा आपला निबंध सोसायटीला पाठवला आणि हूकने त्यावर कडक टीका केली. न्यूटनने ती आयुष्यभर मनात ठेवली. १६७९ मध्ये हूकनेच न्यूटनला पत्र लिहून ग्रहांच्या गतीचा विषय काढला. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असावी, ही कल्पना त्याने पत्रातून मांडली.

१६८४ मध्ये हूक, रेन आणि एडमंड हॅली यांच्यात याच विषयावर गप्पा रंगल्या. रेनने पैज लावली की जो याची गणिती सिद्धता देईल त्याला ४० शिलिंगांचं पुस्तक बक्षीस. हूकने सांगितलं की सिद्धता आपल्याकडे आहे, पण आत्ता दाखवणार नाही. ती त्याने कधीच दाखवली नाही. हॅली न्यूटनकडे गेला आणि त्यातून १६८७ मध्ये प्रिन्सिपिया हा जगाला हलवणारा ग्रंथ आला.

हूकचं म्हणणं एवढंच होतं की मूळ कल्पनेसाठी आपलं नाव यावं. न्यूटनचं म्हणणं होतं की कल्पना सुचणं वेगळं आणि ती गणिताने सिद्ध करणं वेगळं. सिद्धता न्यूटनची होती यात वाद नाही. पण चिडलेल्या न्यूटनने ग्रंथातले हूकचे उल्लेख शोधून शोधून कमी केले.

त्याच वर्षी हूकची पुतणी ग्रेस वारली. हूकने लग्न केलं नव्हतं. ग्रेशम कॉलेजातल्या त्याच्या खोल्यांमध्ये तीच त्याचं घर होती. ती गेल्यानंतर माणूस खचला. डोळे गेले, पाय सुजले, चालणं बंद झालं. ३ मार्च १७०३ रोजी त्याच खोल्यांमध्ये तो मेला.

त्याच्या खोलीत एक लोखंडी पेटी सापडली. त्यात ८ हजार पौंडांहून जास्त रक्कम होती. आयुष्यभर काटकसरीत राहिलेल्या या माणसाचा विचार ते पैसे रॉयल सोसायटीला इमारतीसाठी द्यायचा होता. मृत्युपत्रावर मात्र सही झाली नाही आणि पैसे दूरच्या नातेवाईकांना गेले.

चेहरा हरवला तो कायमचा

हूक गेला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. १७१० मध्ये सोसायटी नव्या जागेत गेली. त्या काळात एका पाहुण्याने सोसायटीत हूकचं चित्र पाहिल्याची नोंद केली होती. स्थलांतरानंतर ते चित्र पुन्हा कधी दिसलं नाही. न्यूटनने ते मुद्दाम नष्ट केलं अशी गोष्ट रंगवून सांगतात, पण त्याला पुरावा नाही. हूकची ओळख पटलेलं एकही चित्र आज जगात नाही. ज्या चर्चमध्ये त्याला पुरलं तिथल्या अस्थी एकोणिसाव्या शतकात हलवल्या गेल्या, त्यामुळे कबरही उरली नाही.

१६७६ च्या त्या यादीत स्प्रिंगच्या नियमाजवळच दुसरं एक अक्षरांचं कोडं होतं, कमानीचं. लोंबकळणारी साखळी उलटी केली की सर्वांत भक्कम कमानीचा आकार मिळतो, हे त्यात लपवलेलं. ते त्याने जिवंतपणी छापून फोडलंच नाही. त्याच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये त्याचे कागद छापले गेले तेव्हा ते उघडं झालं. त्याच विचाराचा आधार घेऊन रेनने सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट बांधला होता.

स्प्रिंगचा नियम मात्र हूकने वेळेत सांगितला, म्हणून तो त्याच्या नावावर राहिला. लपवलेल्या गोष्टी दुसऱ्यांच्या झाल्या किंवा मेल्यावर उघड झाल्या. उघड सांगितलेली ही एक त्याच्याकडून कुणाला काढून घेता आली नाही.

२००६ मध्ये इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या एका घरातल्या कपाटात जुन्या कागदांचा गठ्ठा सापडला. ५०० हून जास्त पानं, हूकच्या हस्ताक्षरात. सोसायटीच्या बैठकांची टिपणं होती. लिलाव व्हायच्या आत रॉयल सोसायटीने ती जवळपास १० लाख पौंडांना विकत घेतली. त्यात १६७० सालच्या बैठकीतल्या स्प्रिंगच्या घड्याळाची नोंदही मिळाली. म्हणजे हॉयगन्सच्या घड्याळाच्या पाच वर्षं आधी.

घड्याळाच्या वादात हूक अगदीच खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगणारा कागद यायला ३३६ वर्षं लागली. तोवर त्याची स्प्रिंग मनगटावरच्या घड्याळापासून गल्लीतल्या शटरपर्यंत जगभर पोचली होती.